चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी यायचंय? यूकेतल्या वर्षाचे शेवटचे आठ आठवडे, क्रमाने

ऑगस्ट लागला की फोन सुरू होतात. कधी फोंड्याहून कुणाची आई, कधी डिचोलीहून कुणाचा मामा, कधी लीड्स-लेस्टरहून खुद्द मुलगा किंवा मुलगी. एकाला डिपॉझिट मिळत नसतं, दुसरीची बॅग मुंबईत अडकलेली असते, तिसऱ्याला विद्यापीठाचा ईमेलच उघडत नाही. यातलं एकही काम अवघड नसतं, क्रम तेवढा उलटा झालेला असतो. मीही तशाच गोंधळात परतले होते, म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

लेख कुणासाठी, ते आधी सांगते. भारतीय पासपोर्टवर, स्टुडंट व्हिसावर, एक वर्षाचा मास्टर्स करायला गेलेल्यांसाठी. घरभाड्याचे नियम दिलेत ते इंग्लंडमधले. स्कॉटलंडमध्ये ते वेगळे आहेत. ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे (आणि गोव्यात असे थोडेथोडके नाहीत) त्यांच्यातल्या ज्यांना यूकेचं सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटआधीपासून राहणाऱ्यांना मिळालेला राहण्याचा हक्क) आहे त्यांनी व्हिसाचा भाग सोडून बाकीचं वाचावं. नुसता पोर्तुगीज पासपोर्ट आता पुरत नाही.

सगळ्या लेखाचं सूत्र एकच: जे काम दुसऱ्याच्या टेबलावरून जायचं आहे ते आधी सुरू करा, जे आपल्या एकट्याच्या हातात आहे ते मागे ठेवलं तरी चालेल. आपण नेमकं उलट करतो. बॅग भरायला महिनाभर आधी बसतो आणि प्राध्यापकांना शिफारसपत्र मागायला शेवटच्या शुक्रवारी जातो.

## टप्पा १: तिकिटाआधी चार तारखा

एक कागद घ्या आणि त्यावर चार तारखा लिहा: प्रबंध सादर करायची, कोर्स अधिकृतपणे संपण्याची, भाडेकरार संपण्याची आणि व्हिसा संपण्याची.

या चारही वेगळ्या असतात, हे बहुतेकांना शेवटी कळतं. प्रबंध दिला म्हणजे कोर्स संपला असं नाही. कोर्सची अधिकृत तारीख विद्यापीठाच्या पत्रावर असते. कोर्स १२ महिने किंवा त्याहून जास्त असेल तर व्हिसा साधारण कोर्स संपल्यानंतर चार महिने चालतो. भाडेकरार मात्र पुष्कळदा या सगळ्यांच्या आधीच संपतो. जुलैअखेर घर सोडायचं आणि प्रबंध सप्टेंबरमध्ये द्यायचा, अशा पेचात सापडलेली मुलं मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपून शेवटचं प्रकरण लिहितात. अशी पोकळी दिसली तर महिना-दीड महिना आधीच खोलीची सोय करा. विद्यापीठाच्या वसतिगृहात उन्हाळ्यात थोड्या दिवसांसाठी खोल्या मिळू शकतात, विचारून ठेवा.

आता चवथ. २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे, २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला. मास्टर्सचे प्रबंध ऑगस्टअखेर ते सप्टेंबर या काळातच द्यायचे असतात, म्हणजे टक्कर ठरलेली. घरून प्रश्न येतो, "चवथीक येतलो मरे?" आणि आपण भावनेच्या भरात मार्चमध्येच स्वस्त, न बदलता येणारं तिकीट काढून मोकळे होतो. मी काढलं होतं. नंतर आजारपणामुळे प्रबंधाला मुदतवाढ घ्यावी लागली आणि तिकिटाचे पैसे बुडाले.

तिकीट काढायचंच असेल तर तारीख बदलता येईल असं काढा, आणि सादरीकरण व उड्डाण यांच्यात किमान आठ-दहा दिवस ठेवा. घर सोडणं, सामान, बँक ही सगळी कामं त्या आठ-दहा दिवसांतच होतात. त्याआधी डोकं प्रबंधात असतं.

सावधान: "प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घरी जाऊन लिहिते" हे विद्यापीठाला न सांगता करू नका. तुमच्या व्हिसाचं प्रायोजकत्व विद्यापीठाकडे आहे. कोर्स चालू असताना न कळवता देश सोडला तर त्यांना ते यूकेच्या व्हिसा खात्याला कळवावं लागू शकतं. परवानगी मागितली तर मिळण्याचीही शक्यता असते, पण ती लेखी घ्या.

सावधान: मास्टर्सच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. प्रबंध लिहिण्याचे महिने सत्रातच धरले जातात, त्यामुळे आठवड्याला २० तासांची कामाची मर्यादा तेव्हाही लागू असते. पदवीचा रूममेट जुलैत पूर्ण वेळ काम करतो म्हणून तुम्हीही केलंत, तर तो व्हिसाच्या अटीचा भंग ठरतो.

## टप्पा २: दुसऱ्यांच्या टेबलावरची कामं (आठ ते सहा आठवडे आधी)

पहिलं काम शिफारसपत्रांचं. ऑगस्टमध्ये तिथले प्राध्यापक रजेवर जातात आणि रजेवर असताना ईमेलला उत्तर देत नाहीत. जुलैतच प्रत्यक्ष भेटून विचारा: "पुढच्या दोन वर्षांत माझं नाव संदर्भासाठी आलं तर तुम्ही पत्र द्याल का, आणि कोणत्या पत्त्यावर मागू?" सोबत तुमचा बायोडेटा आणि प्रबंधाचा सारांश एका पानात द्या. दोघांना विचारा, कारण त्यातला एक नोकरी बदलतो.

दुसरं, विद्यापीठाकडून एक पत्र. साधं 'बोनाफाईड' नव्हे. त्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहून मागा: कोर्सचं पूर्ण नाव, सुरुवात आणि शेवटची तारीख, पूर्ण वेळ आणि प्रत्यक्ष वर्गात उपस्थित राहून शिक्षण झालं, माध्यम इंग्रजी. भारतात सरकारी नोकरी किंवा पीएचडी करायची असेल तर परदेशी पदवीची समकक्षता दाखवावी लागते, आणि तिथे हाच तपशील तपासतात. जुलै २०२२ मध्ये भारत आणि यूके यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यामुळे यूकेचा एक वर्षाचा मास्टर्स आता अडत नाही. वैद्यक, कायदा, वास्तुशास्त्र यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्या करारात नाहीत. समकक्षतेचं काम वर्षानुवर्षं एआययूकडे (भारतीय विद्यापीठांच्या संघाकडे) होतं. यूजीसीने २०२५ मध्ये त्यासाठी नवी नियमावली आणली आहे, तेव्हा जुन्या सीनियरने दिलेला फॉर्म भरू नका.

तिसरं काम आम्हा गोवेकरांच्या खास डोकेदुखीचं: आडनावाचं स्पेलिंग. दहावीच्या प्रमाणपत्रावर गावकर 'के-ए-आर' ने संपतो, पासपोर्टवर 'के-ई-आर' ने, आणि आजोबांच्या कागदांवर 'सी-ए-आर' ने. पदवी प्रमाणपत्र छापण्याआधी विद्यापीठाच्या पोर्टलवर तुमचं नाव कसं आहे ते उघडून पाहा आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडा. छापण्याआधी दुरुस्ती एका ईमेलवर होते. नंतर पैसे, प्रतिज्ञापत्र आणि महिने लागतात.

चौथं, पत्ता. पदवी प्रमाणपत्र तुम्ही घरी पोचल्यावर काही आठवड्यांनी पोस्टाने येतं. पोर्टलवर अजून लीड्सचा पत्ता असेल तर ते तिथेच जाईल, आणि त्या खोलीत तेव्हा दुसराच कुणी राहत असेल. गोव्यातला पत्ता लिहिताना घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका आणि ४०३ ने सुरू होणारा पिन हे सगळं लिहा, शिवाय भारतातला फोन नंबर. आमच्याकडे पोस्टमन घर क्रमांकावर नव्हे, माणसावर चालतो. एका वाड्यात चार नाईक असतात. वडिलांचं नावही टाका.

कुणी अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) मागणार असेल तर ध्यानात ठेवा: यूकेच्या कागदावरचं अपोस्टिल यूकेतच होतं. पणजीत नाही, दिल्लीतही नाही. विद्यापीठाच्या कागदाला त्याआधी तिथल्या सॉलिसिटरचं किंवा नोटरीचं प्रमाणन लागतं. सगळ्यांना याची गरज पडत नाही, त्यामुळे आधी मागणाऱ्याला विचारा, उगाच खर्च करू नका.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी तुमच्याकडे दोन प्राध्यापकांचा होकार, एक पत्र, पोर्टलवर बरोबर नाव आणि गोव्याचा पत्ता असायला हवा. नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: थांबायचं की यायचं, हे आता ठरवा

ग्रॅज्युएट व्हिसावर मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने मिळतील. अर्ज यूकेत असतानाच करावा लागतो, स्टुडंट व्हिसा संपण्याआधी, आणि विद्यापीठाने "कोर्स यशस्वीपणे पूर्ण" असं व्हिसा खात्याला कळवल्यावरच. हे कळवणं परीक्षा मंडळाच्या बैठकीनंतर होतं, म्हणजे प्रबंध दिल्यावर महिना-दोन महिन्यांनी.

इथेच चवथ आणि व्हिसा यांची गाठ पडते. अर्ज केल्यानंतर निकाल येण्याआधी तुम्ही देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फी परत मिळेलच असं नाही. तेव्हा क्रम असा: चवथीला यायचं असेल तर अर्जाच्या आधी येऊन जा, स्टुडंट व्हिसा वैध असताना परत या, आणि मग अर्ज करा. पण असं करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला विचारा आणि परतताना सीमेवर दाखवायला कोर्सचं पत्र हातात ठेवा.

माझं मत विचाराल तर, ज्याला खरंच तिथे नोकरी शोधायची आहे त्याने ती चवथ सोडावी. ज्याला फक्त "बघूया" म्हणून थांबायचं आहे त्याने आरोग्य अधिभारासकट (व्हिसाच्या अर्जाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम) खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. तो आकडा पाहून निम्म्यांचं "बघूया" गळून पडतं.

## टप्पा ४: प्रबंध

कसा लिहायचा ते तुमचे मार्गदर्शक सांगतील. मी फक्त सादर करण्याबद्दल बोलते, कारण वर्षभराची मेहनत शेवटच्या तासात सांडलेली मी पाहिली आहे.

मुदत दुपारी बाराची असेल तर तुमची मुदत आदल्या संध्याकाळी सहाची धरा. फाईलचं नाव 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' असं ठेवू नका, तारीख घाला. अपलोड केल्यावर तीच फाईल टर्निटिनवरून (प्रबंध जिथे चढवतात ती वेबसाइट) परत उतरवून घ्या आणि पहिलं, मधलं, शेवटचं पान उघडून पाहा. चुकीचा मसुदा चढवणारे दरवर्षी निघतात. पोचपावतीचा ईमेल खासगी पत्त्यावर पाठवून ठेवा.

त्याच दिवशी विद्यापीठाच्या खात्यातलं सगळं उतरवून घ्यायला लागा: वनड्राइव्हवरच्या फाईली, गुणपत्रकं, प्राध्यापकांचे शेरे, महत्त्वाचे ईमेल. कोर्स संपल्यावर हे खातं काही काळाने बंद होतं. ज्या-ज्या संकेतस्थळांवर विद्यापीठाच्या ईमेलने नोंदणी केली आहे (लिंक्डइन, बँक, वीज कंपनी) तिथे खासगी ईमेल टाका. एकाने हे केलं नाही, आणि डिपॉझिट परत देण्याचा दुवा बंद झालेल्या ईमेलवर जाऊन पडला.

मुलाखती घेऊन माहिती गोळा केली असेल तर ती किती दिवस ठेवायची, कधी नष्ट करायची हे तुमच्या नैतिक मंजुरीच्या अर्जात तुम्हीच लिहिलेलं असतं. ते वाचा. ग्रंथालयाची पुस्तकं परत करा.

## टप्पा ५: खोली सोडणं आणि डिपॉझिट

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आधी कागद. करारात नोटीस किती दिवसांची आहे ते वाचा आणि ईमेलनेच द्या. व्हॉट्सॲपवर "भाई, मी जातोय" ही नोटीस नव्हे. इंग्लंडमध्ये खासगी घराचं डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते ३० दिवसांच्या आत तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत सुरक्षित ठेवावं लागतं. कोणत्या योजनेत आहे याचा ईमेल शोधून काढा. सापडत नसेल तर तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर पिनकोड आणि आडनाव टाकून शोधता येतं. विद्यापीठाच्या वसतिगृहांना हा कायदा सहसा लागू नसतो. तिथे त्यांचे नियम पाहा. चौघांनी मिळून घर घेतलं असेल तर योजनेत मुख्य भाडेकरू म्हणून कुणाचं नाव आहे ते तपासा. पैसे त्याच्या खात्यात येतात आणि तो चवथीच्या गडबडीत विसरतो.

मग इन्व्हेंटरी. घरात शिरताना जी यादी मिळाली होती तीच शेवटचा निवाडा करते. ती समोर ठेवून एकेक खोली फिरा. तिच्यात आधीच लिहिलेला डाग तुमचा नाही. नेहमीच्या वापराने झालेली झीज, म्हणजे गालिचा दबणं किंवा भिंतीचा रंग फिका पडणं, तीही तुमची नाही.

सफाई. २०१९ च्या कायद्यानंतर घरमालक तुम्हाला पैसे देऊन सफाई कंपनी बोलवायला भाग पाडू शकत नाही. घर घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत करणं एवढीच अपेक्षा. पण ते "जितकं स्वच्छ" आपल्या स्वयंपाकाने फार दूर गेलेलं असतं. नेमके पैसे कुठे कापतात ते सांगते:

१. चुलीवरचा एक्झॉस्ट. वर्षभर बांगडे आणि सुंगटं (कोळंबी) तळल्यावर जाळीवर मेणासारखा थर बसतो. जाळी काढून कढत पाण्यात, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, नुसता साबण. नाहीतर काळी पडते.

२. हळद. ओट्यावरच्या पिवळ्या डागावर खायचा सोडा पाण्यात कालवून लावा, अर्ध्या तासाने मऊ कापडाने पुसा, पुन्हा लावा. उन्हात ठेवला तर हळदीचा डाग आपोआप उडतो, पण तिथे ऊन आणायचं कुठून.

३. ओव्हन. तयार क्लीनर मिळतो. खिडकी उघडी ठेवून आणि हातमोजे घालून वापरा.

४. न्हाणीघरातला क्षार आणि बुरशी. नळांवरचा पांढरा क्षार व्हिनेगरने निघतो. बुरशीला ब्लीचवालं स्प्रे लागतं.

सावधान: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र किंवा एकापाठोपाठ वापरू नका, विषारी वायू होतो. एक दिवस क्षार, दुसऱ्या दिवशी बुरशी.

५. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवा. आत राहिलेल्या खाऱ्या सुंगटांचा वास पुढच्या माणसाला सहन होत नाही आणि एजंट त्याचेही पैसे लावतो.

शेवटी पुरावा. सगळं आवरल्यावर प्रत्येक खोलीचा एक सलग व्हिडिओ काढा: कपाटं उघडून, गादी उचलून, ओव्हनच्या आत. वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला रीडिंग कळवा. किल्ल्या दिल्याची पोच ईमेलने घ्या.

माझ्या वेळी एका एजन्सीने "सामान्य सफाई" असं मोघम लिहून मोठी रक्कम कापायचं ठरवलं. मी व्हिडिओ जोडून योजनेच्या मोफत तंटा निवारणाकडे जाते असं कळवलं. दोन दिवसांत पूर्ण रक्कम मान्य झाली. रक्कम दोघांना मान्य झाली की ती दहा दिवसांत मिळायला हवी.

सावधान: "शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा" असं परस्पर ठरवू नका. भाडं थकलं अशी नोंद होते, आणि पुढे भांडायला जागा राहत नाही.

कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारखा, पण राहणाऱ्याने भरायचा कर) विसरू नका. पूर्ण वेळ विद्यार्थी असेपर्यंत माफी असते. कोर्सची अधिकृत तारीख उलटल्यावर त्या घरात राहिलात तर बिल येऊ शकतं. कौन्सिलला घर सोडल्याची तारीख कळवा.

## टप्पा ६: पैसे, कर, फोन

बँक खातं लगेच बंद करू नका. डिपॉझिट, वीज कंपनीची उरलेली रक्कम, शेवटचा पगार, कराचा परतावा हे सगळं तुम्ही गोव्यात पोचल्यावर येतं. खात्यात थोडे पैसे ठेवा, पत्ता बदला, आणि सगळं जमा झाल्यावर बंद करा. वर्षभराची स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून ठेवा.

पण त्या खात्याचा ओटीपी तुमच्या यूकेच्या नंबरवर येतो, आणि सिमचा करार तुम्ही रद्द केलेला असतो. उपाय सोपा आहे: करार रद्द करण्याआधी ६५०७५ या क्रमांकावर पीएसी असा मेसेज पाठवा. येणारा कोड वापरून तोच नंबर एखाद्या बिनकराराच्या, रिचार्जवर चालणाऱ्या सिमवर न्या. काही महिन्यांतून एकदा त्यावरून मेसेज पाठवा, म्हणजे नंबर जिवंत राहतो.

उलट बाजूही बघा. भारतातला नंबर, जो आधारला आणि बँकेला जोडलेला आहे, तो चालू आहे का? वर्षभर रिचार्ज नसेल तर तो आता दुसऱ्या कुणाकडे असेल. बाबांना सांगून रिचार्ज चालू ठेवा.

कर. नोकरी केली असेल तर सोडताना पी-४५ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर प्राप्तिकर नसतो, पण पगारातून कापताना ही सूट महिन्यांत वाटून देतात. त्यांचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. एप्रिल ते ऑगस्ट काम करून निघालात आणि कर कापला गेला असेल, तर उरलेल्या महिन्यांची सूट वापरलेलीच नसते, आणि पैसे परत मिळू शकतात. देश सोडताना पी-८५ हा फॉर्म भरा. नॅशनल इन्शुरन्सचे (पगारातून कापल्या जाणाऱ्या सामाजिक विम्याचे) पैसे मात्र परत येत नाहीत. परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला हिस्सा देऊ नका, फॉर्म सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे.

डॉक्टरांकडून औषधांची आणि लशींची नोंद छापून घ्या. देश सोडतोय हे दवाखान्याला कळवा.

## टप्पा ७: सामान

बॅगेत काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही ते आधी ठरवा. जाड कोट, लेदरचे बूट आणि लोकरीच्या स्वेटरांचा ढीग सप्टेंबरच्या गोव्यात आणलात तर दिवाळीपर्यंत त्यावर पांढरी बुरशी चढते. एक चांगलं जाकीट ठेवा, बाकी चॅरिटी शॉपला द्या. राइस कुकर, भांडी, उशा सप्टेंबरात नव्याने येणाऱ्या मुलांना द्या. त्यांना त्याची तुमच्यापेक्षा जास्त गरज असते.

पुस्तकं आणि कपडे पार्सलने घरी पाठवायचं काहींना सुचतं. 'गिफ्ट' लिहिलं की ड्युटी लागत नाही हा समज जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत उरलेली नाही.

आता खरी मेख. लंडन ते मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई ते गोवा वेगळ्या तिकिटावर काढू नका, किंवा काढलंत तर वजनाचा हिशेब करून काढा. परदेशी विमानात २३ किलोच्या एक-दोन बॅगा चालतात. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलो. मी मुंबईत ४४ किलो घेऊन उभी होते. जादा वजनाचे पैसे विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त झाले. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर बहुधा परदेशी मर्यादाच गोव्यापर्यंत चालते, पण तिकिटावर वाचून खात्री करा.

टॅगवर गोवा छापलेलं असलं तरी भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच बहुतेक वेळा सामान घेऊन कस्टममधून जावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी दोन विमानांत किमान चार तास ठेवा. आखातमार्गे थेट गोव्यात उतरणारं तिकीट परवडत असेल तर ही सगळी यातायात वाचते.

कोकण रेल्वेने यायचा बेत असेल तर त्या दिवसांत पावसाळी वेळापत्रक चालू असतं, आणि चवथीच्या आठवड्यात आरक्षण मिळणं म्हणजे लॉटरी.

कोणता विमानतळ? तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून थांबू नका. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आमच्या शेजाऱ्यांचे बाबा मुलीला आणायला गाडी घेऊन दाबोळीला उभे राहिले, आणि ती उतरली मोप्याला. मधे झुआरी, मांडवी आणि शापोरा, आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजाराची गर्दी. रात्रीचं जेवण मध्यरात्री झालं.

केबिन बॅगेत: पासपोर्ट, सगळी मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, हार्ड डिस्क, पॉवर बँक, औषधं चिठ्ठीसकट. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. दोन असतील तर जुन्याची पावती जवळ ठेवा.

तपासा: बॅग घरीच काट्यावर ठेवून मोजा. २३ चे २२ करा. विमानतळावर जमिनीवर बसून बॅग उघडणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो.

## टप्पा ८: घरी पोचल्यावर

चवथीच्या आदल्या दिवशी उतरून "उद्या बँकेत जाते" असं ठरवू नका. कार्यालयं बंद असतात, उघडली तरी निम्मी माणसं गावी. पहिला आठवडा नेवऱ्या खा.

मग ही कामं, याच क्रमाने. शिक्षण कर्ज असेल तर कोर्स पूर्ण झाल्याचं पत्र बँकेला द्या आणि हप्ता नेमका कोणत्या तारखेपासून सुरू होतो ते लेखी विचारा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज असेल तर तिथेही तेच. परदेशी शिकताना बँक खातं अनिवासी केलं असेल तर परत निवासी करून घ्या. गोव्यात सरकारी नोकरीच्या जाहिरातींवर डोळा असेल तर रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड चालू आहे का पाहा आणि १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात जाताना विद्यापीठाचं ते पत्र सोबत न्या. मधलं वर्ष कुठे होतात हा प्रश्न विचारला तर उत्तर हातात असेल.

तिकडच्या कचेऱ्यांना फोन करायचा तर त्यांचे नऊ ते पाच म्हणजे आपले दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात. त्यानंतर अडीच ते साडेदहा.

पदवी प्रमाणपत्र येईल तेव्हा एकच करू नका: म्हापशाच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट. लॅमिनेट केलेल्या कागदाचं अपोस्टिल होत नाही, आणि प्लास्टिक सोलायला गेलं की शाई त्याच्याबरोबर येते. आल्या दिवशी स्कॅन करा, साध्या फोल्डरमध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, आणि फोल्डर भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. तिथे ओल येते.